पंक्तिप्रपंच

१४ ऑक्टोबर १८९०. पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये कार्यक्रम झाला आणि तो संपल्यावर पाहुण्यांपुढे चहा-बिस्किटं आली. पाहुण्यांत न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, शहरातली आणखी बरीच नामवंत मंडळी होती. कुणी चहा प्यायला, कुणी कप ओठाला लावल्यासारखं केलं, कुणी नुसताच हातात धरून खाली ठेवला. डॉ. आनंदीबाईंचे यजमान गोपाळराव जोशी हे या प्रकरणाचे कर्ते-करविते. हजर असलेल्यांची नावं 'पुणे वैभव'मध्ये छापून आली आणि पुण्यात गहजब झाला. ग्रामण्य उभं राहिलं, फिर्याद शंकराचार्यांपर्यंत गेली, लग्नकार्यांना भटजी मिळेनात. बहिष्काराची झळ स्नेह्यासोबत्यांना लागू लागली तेव्हा रानड्यांनी प्रायश्चित्त घेतलं. सुधारक हळहळले, सनातनी हसले.

रानड्यांना नावं ठेवणं सोपं आहे. पण ज्या धर्माच्या घरचा तो चहा होता, त्या धर्माच्या अगदी पहिल्या पिढीत हाच प्रसंग घडून गेलेला आहे, आणि तिथे ताटावरून उठलेला माणूस होता खुद्द पेत्र. येशूचा पट्टशिष्य.

गाव अंत्युखिया, साल साधारण इ.स. ४८-४९. आजच्या तुर्कस्तानातलं अंताक्या, २०२३ च्या फेब्रुवारीतल्या भूकंपात जे भुईसपाट झालं, तेच. त्या काळी रोम आणि अलेक्झांड्रिया सोडले तर साम्राज्यात याच्या तोडीची शहरं फारशी नव्हती. येशूच्या माणसांना 'ख्रिस्ती' हे नाव पहिल्यांदा पडलं तेही इथेच. तोवर हा यहुदी लोकांचा घरातला पंथ होता. येशू यहुदी, बारा शिष्य यहुदी, प्रचारक पौलही यहुदीच. अंत्युखियात मात्र ग्रीक आणि सिरियन माणसंही येऊ लागली आणि सगळे एकत्र जेवायला बसू लागले. पेत्र तिथे गेला तेव्हा तोही त्यांच्यात बसला. मग यरुशलेमहून, येशूचा भाऊ याकोब याच्याकडची काही माणसं आली. पेत्र हळूहळू मागे सरू लागला आणि शेवटी वेगळा बसायला लागला. त्याचं पाहून इतर यहुदी उठले. इतकंच काय, पौलाचा जिवाभावाचा सोबती बर्णबा, तोही उठला.

पौलानं पेत्राला सगळ्यांदेखत तोंडावर सुनावलं. ही हकीगत कुणा शत्रूनं लिहिलेली नाही, पौलानंच गलतीकरांच्या पत्रात नोंदवली आहे आणि ते पत्र बायबलात आहे. पेत्रानं काय उत्तर दिलं ते पौल सांगत नाही. आपण वाद जिंकलो, असंही म्हणत नाही. जिंकला असता तर पौलासारखा माणूस ते सांगितल्याशिवाय राहिला नसता, असं बऱ्याच अभ्यासकांना वाटतं. मलाही तसंच वाटतं.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. यहुदी लोकांचे खाण्यापिण्याचे नियम म्हणजे आपली जातीची शिवाशिव नव्हे. कोकणातले बेने इस्रायल, म्हणजे रायगडकडचे आपले शनवार तेली, शतकानुशतकं ते नियम पाळत आले. त्यात जन्मानं कुणी नीच ठरवण्याचा प्रश्न नव्हता. परक्या राज्यात आपली ओळख टिकवायची ती धडपड होती. पेत्राच्या मनातला संकोच या धडपडीतला होता, रानड्यांचा आपल्या समाजातल्या बहिष्काराच्या भयातला. दोन्ही एका मापानं मोजता येणार नाहीत. पण परिणाम बघा. ताटावरून कुणी उठलं की जो माणूस तिथे बसून राहिला त्याला कळायचं ते कळतं. अंत्युखियातल्या त्या ग्रीक माणसाला पेत्राच्या मनातली धर्मशास्त्राची घालमेल दिसत नव्हती. त्याला रिकामी झालेली जागा दिसत होती.

माझं म्हणणं एवढंच आहे की आरंभीच्या ख्रिस्ती मंडळीचा इतिहास हा मुळात पंगतीचा इतिहास आहे. आपण तो चमत्कारांचा नाहीतर हुतात्म्यांचा म्हणून सांगतो, विरोधक आमिषांचा म्हणून सांगतात, आणि मधली पंगत दोघांच्याही नजरेतून सुटते. 'मंडळी' हा मराठी ख्रिस्ती लोकांचा शब्द मला म्हणूनच फार आवडतो. गोव्यात पोर्तुगिजांच्या शब्दावरून इगर्ज म्हणतात, तिथे डोळ्यांपुढे इमारत येते. मंडळी म्हटलं की माणसं येतात, आणि मंडळी जमली की चूल पेटवावीच लागते.

पंगतीवरून भांडणंही पहिल्यापासून होती. यरुशलेमात सुरुवातीला सगळ्यांचं सामाईक असे, रोजचं अन्न वाटलं जाई. त्यात ग्रीक बोलणाऱ्या विधवांना डावललं जातं अशी कुरकुर झाली. म्हणजे या धर्मातली पहिली नोंदलेली अंतर्गत तक्रार देवाच्या स्वरूपाबद्दलची नाही, कुणाच्या पानात काय पडलं त्याबद्दलची आहे. तोडगा काय निघाला? वाढपी म्हणून सात माणसं नेमली. सातही नावं ग्रीक आहेत: स्तेफन, फिलिप, प्रखर, निकानोर, तीमोन, पार्मिना, निकलाव. ज्यांची तक्रार होती त्यांच्याच हातात पळी दिली. आपल्या आश्रमशाळांच्या, वसतिगृहांच्या किती चौकश्या झाल्या आणि किती अहवाल आले. ही साधी युक्ती त्यातल्या किती जणांना सुचली असेल?

अंत्युखियाच्या आधीचा एक प्रसंग याहून बोलका आहे. पेत्र यापो बंदरात मुक्कामाला राहिला तो समुद्रकाठच्या शिमोन नावाच्या माणसाच्या घरी. हा शिमोन कोण? मराठी बायबलानं त्याला सरळ चांभार म्हटलं आहे. नेमकं सांगायचं तर तो कातडी कमावणारा. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध आणि त्या धंद्याचा वास, त्यामुळे यहुदी समाजातही हे काम हलकं मानलं जाई, वस्ती कडेला असे. त्या घराच्या धाब्यावर दुपारी भूक लागलेली असताना पेत्राला दर्शन झालं: आभाळातून चादर उतरते, तिच्यात नाना तऱ्हेचे प्राणी, आणि मारून खा असा हुकूम. तो नाही म्हणतो. तीनदा हे घडतं. तेवढ्यात रोमन शताधिपती कर्नेल्याची माणसं दारात येऊन उभी राहतात आणि पेत्र त्यांना आत घेतो. दर्शनावर विश्वास ठेवायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला त्यात दिसतं ते एवढंच, की जो विचार यरुशलेमच्या मंदिराच्या आवारात सुचला नाही तो कातडी कमावणाऱ्याच्या छपरावर सुचला. तिथला वास नाकात होता म्हणून सुचला असेल.

आता करिंथ. इथे जरा थांबावं लागेल, कारण पंक्तिप्रपंच हा आपला शब्द जगात कुठे चपखल बसत असेल तर या गावात.

करिंथ हे बंदरांचं, पैशाचं शहर. तिथली मंडळी कुणा ऐपतदाराच्या घरी जमे. वेगळी देवळं बांधायला अजून दोनशे वर्षं होती. रोमन धाटणीच्या घरात जेवणाची खोली तशी लहान. तीन बाजूंना तीन आसनं, त्यांवर साधारण नऊ जण कुशीवर रेलून जेवत. बाकीच्यांनी बाहेर चौकात बसायचं. आत कोण बसणार हे सांगायला नको. मालकाच्या बरोबरीचे लोक दिवस कलायच्या आत येत, कारण त्यांना कामाचं बंधन नव्हतं. गोदीतला हमाल आणि दुसऱ्याच्या घरचा गुलाम काम आटोपून अंधार पडल्यावर पोचत. तोवर आतली मंडळी जेवून, पिऊन तर्र झालेली. पौलाला हे कळलं आणि त्यानं इ.स. ५४-५५ च्या सुमारास इफिसहून पत्र लिहून खरडपट्टी काढली. त्याचा मुद्दा असा की एक उपाशी आणि एक प्यालेला अशा जेवणाला प्रभूचं भोजन म्हणताच येणार नाही; हा गरिबांचा पाणउतारा आहे.

रोमन समाजात यात काही वावगं नव्हतं. एकाच मेजवानीत यजमानाला एक दारू, मित्रांना दुसरी, मुक्त झालेल्या गुलामांना तिसरी, हा शिरस्ताच होता. धाकटा प्लिनी हा मोठा सरकारी अधिकारी. त्याला हा प्रकार आवडत नसे. त्यानं एका पत्रात आपल्या घरची तऱ्हा सांगितली आहे: सगळ्यांना तीच दारू. परवडते कशी, तर मुक्त गुलाम माझी दारू पीत नाहीत, मीच त्यांची पितो. माणूस खानदानी. त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे, म्हणून नाव लक्षात ठेवा.

पौलानं करिंथकरांना तोडगा दिला तो असा: एकमेकांसाठी थांबा, आणि भूक आवरत नसेल तर घरी खाऊन या. या माणसाबद्दल मला आदर आहे, तरी हा तोडगा मला तोकडा वाटतो. ज्याच्या घरी खायला आहे त्याला तो लागू पडतो. गोदीतल्या हमालानं कुठे खाऊन यायचं? आतल्यांनी बाहेर येऊन चौकात बसा, असं पौल म्हणाला असता तर! तो म्हणाला नाही. जेवण आणि विधी यांची फारकत व्हायला इथे सुरुवात झाली. दुसऱ्या शतकाच्या मध्यावर रोममध्ये ख्रिस्ती लेखक जस्टिन रविवारच्या उपासनेचं वर्णन करतो त्यात वाचन आहे, प्रार्थना आहे, भाकर-द्राक्षारस आहे, अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि वाटसरू यांच्यासाठी वर्गणीही आहे. पण पोटभर जेवण त्यात दिसत नाही. पंगत उठली आणि तिची खूण म्हणून भाकरीचा तुकडा राहिला.

तरीही पुढची दोनशे वर्षं त्या खुणेत धग होती. धर्म पसरला त्याला रोमनांचे रस्ते, सगळीकडे चालणारी ग्रीक भाषा आणि गावोगावची यहुद्यांची सभास्थानं ही कारणं आहेतच; शाळेच्या पुस्तकातही ती सापडतील. पण ती धग कुठे दिसते ते प्लिनीकडे जाऊन बघू. इ.स. ११२ च्या सुमारास तो काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया-पंत प्रांताचा सुभेदार होता. ख्रिस्ती लोकांविरुद्ध तक्रारी आल्या. चौकशीत त्याला कळलं ते असं: ठरलेल्या दिवशी पहाटे जमतात, ख्रिस्ताला देव मानून गातात, चोरी करणार नाही, व्यभिचार करणार नाही, ठेव बुडवणार नाही अशा शपथा घेतात, आणि नंतर पुन्हा जमून जेवतात. जेवण साधंच, निरुपद्रवी. एवढ्यावर समाधान होईना म्हणून त्यानं दोन गुलाम बायकांना छळून जबाब घेतला. या दोघींना त्या मंडळीत 'सेविका' म्हणत, हे त्यानंच नोंदवलं आहे. त्यांची नावं मात्र लिहून घ्यावीत असं त्याला वाटलं नाही.

एकच दारू सगळ्यांना देणारा हा सद्गृहस्थ. त्याच्या पंगतीत मुक्त गुलाम बसत होते, ते त्याच्या मर्जीनं. त्या दोघींच्या पंगतीत मात्र गुलाम बाई वाढपीणच नव्हती, पदाधिकारी होती. पौलाच्या वेळीही किंख्रिया बंदरात फिबी अशीच सेविका होती. फिलिप्पै गावात जांभळी वस्त्रं विकणाऱ्या लुदियाच्या घरी मंडळी जमत होती. इ.स. १७७ मध्ये लियोंला छळ झाला तेव्हा ब्लँडिना नावाची गुलाम पोर सर्वांत शेवटपर्यंत टिकली आणि तिची मालकीणही त्याच तुरुंगात होती. २०३ मध्ये कार्थेजच्या आखाड्यात बावीस वर्षांची खानदानी पर्पेतुआ आणि तुरुंगात बाळंत झालेली गुलाम फेलिसिटी बरोबरीनं मेल्या. तिसऱ्या शतकाच्या पूर्वार्धात रोमचा बिशप झालेला कॅलिस्टस हा पूर्वीचा गुलाम. त्याच्याविषयी आपल्याला बरंच कळतं ते त्याच्या कट्टर विरोधकाच्या लिखाणातून, आणि विरोधकाच्या तक्रारींतली एक अशी की मोठ्या घरच्या बायकांनी गुलामाशी संसार थाटला तर हा बिशप ते लग्न मानतो! तक्रार म्हणून लिहिलेलं वाक्य कधीकधी शिफारसपत्रासारखं वाचता येतं.

आकडे हवे असतील तर रोमच्या मंडळीचा २५१ सालचा हिशेब आहे: ४६ वडील, ७ सेवक, आणि पदरी दीड हजारांहून जास्त विधवा व गरजू. त्याच दशकात साथ आली, ती पुढे बरीच वर्षं रेंगाळली. अलेक्झांड्रियाचा बिशप दिओनिसियस लिहितो की आमची माणसं रोग्यांजवळ बसली आणि त्यांच्याबरोबर गेली, इतरांनी आपल्या माणसांना धुगधुगी असतानाच रस्त्यावर टाकलं. हे एका बाजूचं म्हणणं आहे, त्याला थोडी वजावट घालूनच वाचावं. 

पण एक कागद असा आहे की त्याला वजावट घालायची गरज नाही, कारण तो जप्तीचा पंचनामा आहे. १९ मे ३०३. उत्तर आफ्रिकेतलं सिर्ता, आजच्या अल्जीरियातलं कॉन्स्टन्टाइन. सम्राट डायोक्लेशनचा हुकूम निघालेला: ख्रिस्ती ग्रंथ आणि चीजवस्तू जप्त करा. नगराचे अधिकारी मंडळी जमत असे त्या घरात शिरले आणि कारकून एकेक जिन्नस लिहू लागला. सोन्याचे पेले २. चांदीचे पेले ६. चांदीच्या झाऱ्या ६. चांदीचं एक पातेलं, चांदीचे दिवे ७, पितळी दिवे ११. इथवर कुठल्याही देवस्थानची यादी वाटावी. पुढे: बायकांचे अंगरखे ८२. ओढण्या ३८. पुरुषांचे अंगरखे १६. पुरुषांचे जोडे १३, बायकांचे जोडे ४७. मग ते जेवणघरात गेले तर तिथे रांजण होते. कारकुनाला या यादीत काही विशेष वाटलं असेल असं दिसत नाही. त्याचं काम लिहायचं. आज मला ते सत्तेचाळीस जोड डोळ्यांपुढून हलत नाहीत. कुणाच्या तरी पायांसाठी कुणीतरी जमवून ठेवले होते, बायकांसाठी पुरुषांच्या तिपटीहून जास्त.

हे सगळं आमिष होतं का? आपल्याकडे धर्मांतराचा विषय निघाला की दुसऱ्या वाक्याला तांदळाचं पोतं येतं. विचारायला हवंच, कारण दुष्काळात धान्याबरोबर धर्म वाटल्याची उदाहरणं जगात आहेत. पण सिर्ताच्या मंडळीत शिरणाऱ्याला काय मिळे याबरोबर काय द्यावं लागे तेही बघा. काही ठिकाणी बाप्तिस्म्याआधी तीन-तीन वर्षं शिकवणी, वर राज्याचा ससेमिरा, आणि शेजारी कुणाचा तरी गुलाम. आमिष म्हणून हे फारच महाग आहे. सम्राट जुलियन हा ख्रिस्ती लोकांचा कट्टर विरोधक, पण डोळे उघडे असलेला. ३६२ साली त्यानं गलातियातल्या आपल्या मुख्य पुजाऱ्याला लिहिलं की ही माणसं आपल्याबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात आणि आम्ही आमच्यांना वाऱ्यावर सोडतो, ही लाजेची गोष्ट आहे. त्यानं धर्मशाळा काढायला सांगितल्या, त्यासाठी वर्षाला ३० हजार मापं गहू मंजूर केला. त्याच्याइतकं प्रामाणिक उत्तर ख्रिस्ती धर्माच्या विरोधकांनी पुढे फारसं दिलेलं नाही. पण वर्षभरात तो लढाईत मेला, आणि तसाही सरकारी गहू मागवून पंगत बसत नाही.

इथवर वाचून एखाद्या ख्रिस्ती वाचकाची छाती फुगली असेल तर पुढचंही वाचावं.

पहिली गोष्ट, त्या पंगतीनं गुलामगिरी मोडली नाही. रविवारी शेजारी बसलेला गुलाम सोमवारी गुलामच असे. पौलानं फिलेमोनला त्याच्या पळून आलेल्या गुलामाबद्दल, अनेसिमाबद्दल, पत्र लिहिलं, त्याला भाऊ मान असं विनवलं. त्याला सोडून दे, असं स्पष्ट शब्दांत लिहिलं नाही. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावं असा उपदेश तर बायबलातच आहे. माणूस विकत घेणं हाच मुळात देवाचा अपराध आहे असं जाहीरपणे आणि मुळावर घाव घालून बोलणारा निस्साचा ग्रेगरी चौथ्या शतकाच्या अखेरीस भेटतो, आणि तोही जवळजवळ एकटाच.

दुसरी गोष्ट सत्तेची. ३१३ साली कॉन्स्टन्टाइननं छळ थांबवला, ३८० साली थिओडोसियसनं हा राज्याचा धर्म केला. त्यानंतर पाचच वर्षांच्या आसपास ट्रिअरला प्रिसिलियन नावाच्या बिशपचा शिरच्छेद झाला. शिक्षा देणारे ख्रिस्ती, मरणाराही ख्रिस्ती. ३८८ मध्ये युफ्रेटिसकाठच्या कॅलिनिकम गावात स्थानिक बिशपच्या चिथावणीनं जमावानं यहुद्यांचं सभास्थान जाळलं. बिशपनं ते स्वखर्चानं बांधून द्यावं, असा सम्राटाचा न्याय्य हुकूम होता. मिलानचा बिशप अँब्रोज, मोठा संत, त्यानं सम्राटावर दडपण आणून तो हुकूम मागे घ्यायला लावला. ज्या यहुद्यांच्या सभास्थानांत हा धर्म वाढला, त्यांच्याच बाबतीत हे. पंगतीत जागा मागणारे यजमान झाले की काय करतात ते तिथे दिसलं.

आणि भारतात? इथे हा धर्म युरोपियन जहाजांच्या हजार वर्षं आधीच पोचला होता. सहाव्या शतकातला ग्रीक भाषेत लिहिणारा व्यापारी कॉस्मस मलबारबरोबर 'कल्लियाना' बंदरातल्या ख्रिस्ती लोकांचा आणि इराणातून नेमून येणाऱ्या त्यांच्या बिशपचा उल्लेख करतो. अनेक अभ्यासकांच्या मते हे आपलं कल्याण. पुढे पोर्तुगीज आले, मिशनरी आले, देवळं उठली. पण जात उठली नाही. गोव्यात बामण, चारडो, सुदिर हे भेद बाप्तिस्म्यानंतरही राहिले, देवळाच्या कॉन्फ्रारियांत, म्हणजे भक्तमंडळांत, कुणी कुठला झगा घालायचा यावरून पिढ्यान्‌पिढ्या तंटे झाले. तमिळनाडूतल्या वडक्कनकुळम्‌ गावात तर दोन जातींना एकमेकींचं दर्शन नको म्हणून देवळाच्या आत भिंत होती. गेल्या शतकाच्या सुरुवातीला ती पाडली. भिंतीवरून आठवलं. सिरियात युफ्रेटिसच्या काठी दुरा-युरोपोस इथे उत्खननात तिसऱ्या शतकातलं मंडळीचं घर सापडलं आहे. साधं राहतं घर. मंडळीला जागा पुरेना म्हणून तिथल्या लोकांनी एक बदल केला: दोन खोल्यांमधली भिंत काढली.

१८३३ साली कलकत्त्याचा बिशप विल्सन यानं मंडळीतून जात हद्दपार करा असं ठणकावून सांगितलं. दक्षिणेत कितीतरी लोक मंडळी सोडून गेले, जात सोडली नाही. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती बांधवांपुढे बोलताना बाबासाहेबांनी दक्षिणेतल्या देवळांतल्या जातिभेदावर बोट ठेवलं होतं. आज कुणी ख्रिस्ती दलित आरक्षण मागायला गेला तर १९५० चा राष्ट्रपतींचा आदेश त्याला अनुसूचित जात मानत नाही. १९५६ मध्ये शिखांना, १९९० मध्ये बौद्धांना तो दर्जा मिळाला, त्याला नाही. सरकार म्हणतं तुझ्या धर्मात जात नाही. त्याच्या गावच्या दफनभूमीला मात्र त्याची जात पाठ असते. धर्मगुरूंनी दिल्लीला निवेदनं जरूर द्यावीत, पण त्याआधी आपल्या दफनभूमीतलं कुंपण उपटावं. त्यासाठी कुठल्या आदेशाची वाट बघायची नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे की नवऱ्यानं १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावरही बाईंचं सोवळं सुटायला वर्षं लागली. देव बदलण्याआधी पाण्याचा प्रश्न सुटावा लागला. माणसाची शिवाशिव डोक्यात नसते, जिभेवर आणि बोटांच्या टोकांवर असते. म्हणून ती व्याख्यानानं जात नाही.

हे मी अधिकारानं सांगू शकतो, कारण आमच्याच घराची गोष्ट आहे. आमच्या ओट्याच्या कोपऱ्यात एक कप पालथा असायचा. निळ्या फुलांचा, कानाचा टवका उडालेला. धुणंभांडी करायला येणाऱ्या मावशींचा. तो कुणी ठरवून वेगळा काढलेला नव्हता. आईच्या वेळेपासून होता, तसाच चालत आला. मी शिवाशिवीविरुद्ध लेख लिहीत होतो आणि तो कप माझ्या टेबलापासून दहा पावलांवर होता. करिंथचं पत्र मी त्या दिवसांत तीनदा तरी वाचलं असेल. चौथ्यांदा वाचताना उठलो आणि कप कचऱ्यात टाकला. आता मावशींना आम्ही पितो त्याच कपात चहा देतो. त्या तो घेतात आणि जिन्यात, वरून दुसऱ्या पायरीवर जाऊन बसतात. ओट्याजवळ खुर्ची ठेवली आहे, सांगूनही झालं. चार महिने झाले, त्या अजून बसलेल्या नाहीत. गेल्या आठवड्यापासून आम्ही आमचा चहा घेऊन जिन्यात बसतो.